तुम्ही विचारलंत म्हणून: ‘काही नाही’ या नोंदीविषयी

देवमाशाच्या शेपटीचा तो फोटो घरच्यांच्या आणि बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर पाठवल्यापासून मला एकच प्रश्न निरनिराळ्या चालींवर विचारला जातो. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर इटलीला जायचे, तर रोम आणि व्हेनिस सोडून एका शिडाच्या बोटीवर आठवडाभर देवमासे मोजायला, आणि वर पदरचे पैसे भरून परक्यांची भांडी घासायला, तुम्ही कशाला गेलात? धाकट्या दिरांनी तर हा प्रश्न पुतणीच्या लग्नात भर पंगतीत विचारला. आजवर मी ‘हौस’ एवढेच म्हणून वेळ मारून नेली. ते खोटे नसले तरी अर्धेच उत्तर आहे, आणि उरलेले अर्धे पंगतीत सांगण्यासारखे नाही.

भांड्यांचे आधी सांगून टाकते. बोटीवर अकरा जण होतो आणि स्वयंपाक, भांडी, संडासाची सफाई या पाळ्या संशोधकांपासून कप्तानापर्यंत कोणालाही चुकत नव्हत्या. आम्ही भरलेल्या पैशांतून बोटीचे डिझेल, बंदराचे भाडे आणि संशोधकांचे जेमतेम मानधन निघते. आम्ही नसतो, तर बोट बंदरातच राहिली असती. तेवढ्या रकमेत एखाद्या सहल कंपनीने मला चार देश दाखवले असते हे मलाही ठाऊक आहे.

दुसरा टोमणा मालवणचा. डॉल्फिन तिथे पाचशे रुपयांत दाखवतात, म्हणे. दाखवतात, मीही पाहिले आहेत, आणि आपल्या किनाऱ्यालगत वावरणाऱ्या त्या हंपबॅक डॉल्फिनांविषयी मला कोणी प्रेम शिकवायला नको. पण मला स्पर्म व्हेल हा देवमासा ऐकायचा होता, आणि तो खोल पाण्यातला प्राणी आहे. मुंबईपासून पश्चिमेला शेकडो किलोमीटर गेले तरी समुद्राचा तळ उथळच राहतो. उलट इटलीतल्या सानरेमोच्या बंदरातून सकाळी निघालेली शिडाची बोट दुपारपर्यंत दोन हजार मीटर खोल पाण्यावर असते. फ्रान्स, इटली आणि मोनॅको यांनी १९९९ मध्ये करार करून भूमध्य समुद्रातल्या लिग्युरियन समुद्राचा आणि त्याच्या आसपासचा जो भाग सागरी सस्तन प्राण्यांसाठी राखला, तो हा. सुमारे ८७,५०० चौरस किलोमीटरांच्या या क्षेत्रातून मालवाहू जहाजे आणि फेरीबोटी अहोरात्र जातात, आणि त्यांच्या धडकेने फिन व्हेल आणि स्पर्म व्हेल मरतात. जुलै २०२३ मध्ये वायव्य भूमध्य समुद्र विशेष संवेदनशील ठरवला गेला आणि जहाजांनी वेग १० ते १३ नॉटपर्यंत (ताशी तितके सागरी मैल) उतरवावा अशी शिफारस झाली. शिफारसच, सक्ती नाही.

आता काम. दोघांनी डेकवर उभे राहून एकाने डावीकडचे आणि एकाने उजवीकडचे पाणी न्याहाळायचे, आणि बोटीमागे लांब केबलला बांधलेल्या हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनवर, तिसऱ्याने दर १५ मिनिटांनी एक मिनिट ऐकायचे. स्पर्म व्हेल खोल पाण्यात भक्ष्य शोधताना साधारण सेकंदाला एक-दोन या लयीत टिकटिकतो आणि ती टिकटिक कित्येक किलोमीटरांवरून ऐकू येते. आली, तर तिचा जोर लिहायचा. नाही आली, तर ‘काही नाही’ असे लिहायचे. आठवड्यातल्या बहुतेक नोंदी ‘काही नाही’ अशाच होत्या, आणि मला या कामाचा मोह पडला तो नेमका याचसाठी. कुठे ऐकले आणि काहीच आले नाही याची नोंद नसेल, तर देवमाशांचा नकाशा हा फक्त बोटी कुठे कुठे फिरल्या त्याचा नकाशा होतो. मी २६ वर्षे बँकेत अंतर्गत हिशेबतपासणी केली आहे. न झालेल्या व्यवहाराचा कागदही जपावा लागतो, हे मला शिकवावे लागले नाही. पहिल्या संध्याकाळी मी हे सगळ्यांना ऐटीत सांगितलेसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दुपारी २ ते ४ ऐकण्याची पाळी माझी होती. वारा वाढला होता आणि हेडफोन खाली, नकाशाच्या टेबलाशी होते. ज्याला कधी बोट लागली आहे त्यालाच कळेल, की अशा वेळी उघड्या हवेतून खाली उतरणे म्हणजे काय असते. सव्वातीनपर्यंत मी नेटाने उतरत राहिले. साडेतीनला बादली धरून डेकवरच बसले. पावणेचारलाही उठले नाही. तसे मी कोणाला सांगितले असते, तर कोणीही माझ्या जागी गेले असते. चारला दहा मिनिटे कमी असताना मी खाली गेले आणि दोन्ही रकान्यांत, एकाच बैठकीत, एकाच पेन्सिलीने ‘काही नाही’ असे लिहिले. अशा नोंदी मी आयुष्यभर पकडल्या. अक्षराच्या वळणावरून, एकसारख्या दाबावरून. कारकुनांना केबिनमध्ये बोलावून मी त्यांच्याशी काय काय बोलले आहे, ते मला आठवते.

चार वाजता पुढच्या पाळीच्या जर्मन विद्यार्थ्याने हेडफोन लावले आणि लगेच हात वर केला. टिकटिक मोठी आणि स्पष्ट होती. बोट वळवली, तासाभराने देवमासा वर आला, फुंकारे टाकत पडून राहिला आणि मग शेपटी उभी करून खाली गेला. सगळ्यांबरोबर मीही फोटो काढले. रात्री मुख्य संशोधिका तक्ता तपासताना माझ्या रकान्यांशी थांबली. ती माझ्या मुलीच्या वयाची. ‘तेव्हा वर आलेला असेल, वर असताना ते गप्प असतात,’ असे ती स्वतःच म्हणाली, आणि मी मान हलवली. दोन बुड्यांच्या मध्ये स्पर्म व्हेल वर साधारण दहा मिनिटे थांबतो. पंधरा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदी त्या दहा मिनिटांत बसत नाहीत, हे तिला कळले नसेल असे मला आजही वाटत नाही.

शेवटच्या संध्याकाळी सानरेमोच्या धक्क्यावर भांडी पुसता पुसता मी तिला खरे सांगितले. ती रागावली नाही. तिने तक्ता आणला आणि दोन नोंदी खोडण्याऐवजी २ ते ४ ही सगळी पाळी बाद केली. मी हुज्जत घातली, की सहा नोंदी खऱ्या आहेत, त्यांतल्या चार तर पोट ढवळत असताना घेतल्या आहेत. ती म्हणाली, असतीलही. मग तिने आधीच्या दोन दिवसांविषयी विचारले. ‘खऱ्या आहेत,’ असे मी म्हणाले, आणि तिने ते लिहून घेतले.

त्या खऱ्या आहेत. तरी तपासनीस म्हणून मी तिच्या जागी असते, तर माझा शब्द धरला नसता. कधी वाटते, हजारो नोंदींत दोन ओळींनी कोणते आभाळ कोसळणार होते; तर कधी, हेच वाक्य माझ्या केबिनमध्ये किती जणांनी उच्चारले होते ते आठवते. कबुली देऊन मी त्या तक्त्याचे भले केले की फक्त स्वतःची झोप मिळवली, हेही मला ठरवता आलेले नाही. पुन्हा जाणार का, असे परवा मोठ्या जाऊबाईंनी विचारले. अर्ज भरून ठेवला आहे, पाठवलेला नाही.

आणि तुम्ही सगळ्यांनी ज्याला ‘लाइक’चे अंगठे दिलेत तो फोटो त्याच देवमाशाचा आहे. माझ्या नावाशेजारी तो अजूनही आहे, मी बदललेला नाही.