टेंटर: ताणलेल्या कापडाचा जुना शब्द

'ऑन टेंटरहुक्स' म्हणजे जीव टांगणीला लागणं, एवढं आपल्याला ठाऊक असतं. तो हूक कापड ताणायचा आहे.

इंग्लंडात लोकरीचं कापड विणून झालं की मुलतानी मातीच्या जातीची माती घालून पाण्यात कुटत. वीण घट्ट व्हायची, पण कापड आटायचं. मग ओलं असतानाच ते माळावरच्या लाकडी चौकटीवर ताणून वाळवत. ही चौकट म्हणजे टेंटर. वरचा दांडा पक्का, खालचा सरकता. दोन्हींवर काटकोनात वाकवलेले अणकुचीदार हूक. एक किनार वर, दुसरी खाली अडकवायची, पन्हा हवा तेवढा झाला की खालचा दांडा अडकवून टाकायचा. जास्त ताणलं की माप वाढायचं आणि अंगावर भिजलं की कापड पुन्हा आटायचं. म्हणून 16व्या शतकात अशा ताणण्याविरुद्ध कायदे झाले. यॉर्कशायरच्या हॅलिफॅक्स या कापडाच्या गावात तर साडेतेरा पेन्स किंवा त्याहून जास्त किमतीच्या चोरीला शिरच्छेद होता, 1650पर्यंत. माळावर रात्रभर राहणारं कापड चोराच्या सहज हाती लागे, हे त्यामागचं एक कारण.

लँकेशायरच्या गिरण्यांत 'टेंटर' माणूसही होता: यंत्राकडे लक्ष देणारा, किंवा विणकराच्या हाताखाली शिकणारं पोर.

चौकटीच्या नावाचं मूळ लॅटिन 'टेंडेरे', ताणणे. संस्कृत 'तन्' त्याचंच भावंड, म्हणजे आपले ताण आणि तंतू याच कुळातले.

चौकट गेली, काम राहिलं. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमधलं, म्हणजे विणलेल्या कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातलं, स्टेंटर नावाचं यंत्र तेच करतं: दोन साखळ्या पिनांनी किंवा क्लिपांनी किनारी धरून कापड गरम हवेच्या चेंबरमधून नेतात. पॉलिस्टर साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसवर सेट होतं, म्हणजे त्याचं माप पक्कं होतं. पन्हा भरून काढायला सुती कापड जबरदस्तीने ओढलं की धुतल्यावर आटतं. तोच जुना दोष. ओव्हरफीड, म्हणजे साखळीच्या वेगापेक्षा कापड थोडं जास्त सोडणं, कमी पडलं तर लांबीत आटतं. मधला भाग मागे राहिला तर आडवा धागा धनुष्यासारखा वाकतो. चौकड्याच्या शर्टात हे लगेच दिसतं, कारण शिवणीवर चौकडी जुळत नाही.

ताग्याची किनार उजेडासमोर धरा. बारीक भोकांची सरळ रांग दिसली, तर ते कापड पिनांच्या स्टेंटरवरून आलंय. भोकं लांबट, फाटल्यासारखी असतील तर पन्हा ओढून काढलाय. असं कापड शिवायच्या आधी भिजवून घ्या.