लागोसमधलं तिरफळ

नायजेरियात, लागोस शहरातल्या ओयिंगबोच्या बाजारात मी ‘एरू’ नावाचं मसाल्याचं फळ मागितलं आणि घरी आलं ते ‘ईरू’. फरक एका स्वराचा, पण पिशवी उघडल्यावर वास जिन्यापर्यंत गेला. ईरू म्हणजे एका झाडाच्या बिया उकडून, आंबवून केलेला काळपट चिकट गोळा. सुकटीचा डबा पावसाळ्यात उघडा राहिला तर घराची जी अवस्था होते, तशी आमच्या फ्लॅटची झाली. इथल्या योरुबा लोकांच्या स्वयंपाकात त्याला मोठा मान आहे आणि आता मलाही तो आवडतो. त्या दिवशी मात्र मी पिशवी बाल्कनीत टांगली आणि शेजारचं दार वाजवलं.

शेजारीण इग्बो समाजातली आहे. इथे बाईला पहिल्या मुलाच्या नावाने ‘अमक्याची ममा’ म्हणतात, आमच्या मालवणात ‘बाबल्याची आवस’ म्हणतात तसंच. मी नुसतंच ‘ममा’ म्हणते. ती पोट धरून हसली आणि फळीवरची बरणी काढून म्हणाली, “तुला हे हवं होतं. उडा.”

मराठी कानाला ती आज्ञाच वाटते! बरणीत वाळलेल्या गवारीसारख्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या, काळ्या, जागोजागी फुगलेल्या शेंगा. योरुबांचं एरू, इग्बोंचं उडा, उत्तरेकडच्या हौसांचं किंबा, घानातलं ह्वेंटिया ही सगळी याच फळाची नावं. नाकाशी धरलं तर आधी धूर येतो, मग जायफळासारखं काहीतरी, शेवटी राळेचा हलका वास. शेंगा चुलीवर धुरात वाळवण्याची पद्धत आहे, त्यामुळे आपल्या मसाला वेलचीची आठवण येते. तीही धुरातच वाळते.

मी शहाणपणा करून एक शेंग दाताखाली फोडली. आत पाच-सहा बिया होत्या आणि त्या इतक्या कडू की डोळ्यांत पाणी आलं. ममा शांतपणे म्हणाली, “बी कोण खातं? वास सालीत असतो.”

हे वाक्य मी आधी कुठे ऐकलं होतं? आजीच्या चुलीपुढे. बांगड्याच्या तिखल्यात घालायला ती तिरफळं ठेचायची, काळी बी वेचून टाकायची आणि फक्त टरफल आमटीत सोडायची. ताटात आलंच तर बाजूला काढायचं. उडाचंही तेच. शेंग किंचित ठेचून सूपमध्ये सोडतात आणि वाढताना काढून टाकतात.

ममाच्या घरी पेपर सूप होतं (कागदाचं नव्हे, तिखट मसाल्याचं). बोकडाचं मटण, मिरची, सुका मासा, एहुरू नावाचं जायफळासारखं भाजून वाटलेलं बी, उझिझा म्हणजे इथली मिरी आणि उडाच्या दोन शेंगा. रात्री वाचत बसले तेव्हा कळलं की उडा आणि एहुरू दोन्ही सीताफळाच्या कुळातले आहेत! झाडाचं शास्त्रीय नाव झायलोपिया इथिओपिका. नावात इथिओपिया असला तरी झाड मुख्यतः पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या जंगलांचं. जुन्या काळी युरोपीय लोक आफ्रिकेच्या मोठ्या भागाला इथिओपियाच म्हणत.

आधी पटेना. मग डोक्यात लख्ख झालं. सीताफळावरचा एकेक डोळा म्हणजे खरं तर एकेक छोटं फळच. एका फुलातले सुटे भाग वाढताना एकमेकांना चिकटतात आणि एक गोल फळ होतं. उडामध्ये ते चिकटतच नाहीत. एका देठातून प्रत्येकाची वेगळी शेंग फुटते आणि बोटं फाकलेल्या पंजासारखा घोस लटकतो. मुंबईच्या सोसायट्यांच्या भिंतीलगत उभा असतो तो उंच अशोक आणि अंगणातला हिरवा चाफाही याच घराण्यातले. त्यांची फळंही अशीच घोसाने येतात, फक्त आपण कधी वर बघत नाही.

नाताळात ममाच्या गावी, ओवेरीजवळ, घरामागे हे झाड पाहिलं. सरळसोट खोड, वर अरुंद चकचकीत पानं, आणि मान दुखेल इतक्या उंचीवर हिरवे-लालसर घोस. मी फोटो काढला, त्यात फक्त आकाश आलं.

उडाचं खरं काम मात्र बाळंतिणीच्या खोलीत. इग्बोंमध्ये ‘ओमुग्वो’ असतं: लेक बाळंत झाली की तिची आई सामान बांधून तिच्या घरी राहायला येते. आपल्याकडे लेक माहेरी जाते, इथे माहेरच लेकीकडे चालत येतं. गरम पाण्याने पोट शेकणं, बाळाला चोळून आंघोळ, आणि बाळंतिणीला वाटीमागून वाटी यामाच्या कंदाचं वाफाळतं तिखट सूप, त्यात भरपूर उडा. पोट साफ व्हावं, दूध यावं, हा हिशेब. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, बाळंतशोपा, शेगडीचा शेक हे सगळं मी ममाला सांगितलं. तिला फक्त एका गोष्टीचं नवल वाटलं: “लाडू? गोड? तिखट काहीच नाही?” गरोदरपणी मात्र उडा द्यायचा नाही, यावर ती ठाम आहे.

सेनेगलमध्ये हेच फळ ‘जार’ म्हणून कॉफीत जातं. तूबा शहर वसवणारे सूफी शेख अमादू बांबा (मृत्यू 1927) यांच्या नावाशी ती कॉफी जोडली गेली आहे. नवऱ्याच्या सहकाऱ्याने एक पुडी आणली होती. साखर सढळ हाताने घातली तर छान लागते.

मग मी घरी प्रयोग केले. इथे गोठवलेल्या बांगड्यासारख्या माशाला ‘टायटस’ म्हणतात. त्याच्या तिखल्यात तिरफळाऐवजी उडा घातलं आणि पार फसलं. तिरफळ जिभेला झिणझिण्या आणतं, उडा नुसता धूर सोडतं, आणि नारळाच्या वाटणाला धूर मानवत नाही. नवऱ्याने दोन घास खाऊन “चूल पेटवलीस काय?” विचारलं. कुळथाच्या कढणात मात्र एक शेंग फार सुरेख लागते, आणि मटणाच्या रश्श्यात दोन.

परवा सुट्टीहून येताना ममासाठी तिरफळाची पुडी आणली. तिने हातावर घेऊन वास घेतला, शिंकली, आणि मी काही बोलायच्या आत काळ्या बिया वेगळ्या काढून ओट्यावर ढीग केला. मग टरफलं मुठीत धरून विचारलं, “गरोदर बाईला चालतं का हे?”

मालवणच्या मावशीला फोन लावलाय. ती उचलत नाहीये, दुपारची झोपली असणार.