तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटचं काम कुणी नाकारतं का?

ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये असो किंवा एखाद्या कॉलेजात बोलून झाल्यावर चहाला असो, मुलांचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, आम्ही ओपन सोर्ससाठी फुकट कोड लिहून देतो आणि मेंटेनर महिनोन्‌महिने पुल रिक्वेस्ट लटकवून ठेवतात. एवढा कसला माज?"

(ओपन सोर्स म्हणजे कुणीही वाचावं, बदलावं असं खुल्या कोडचं सॉफ्टवेअर; मेंटेनर म्हणजे ते सांभाळणारा; पुल रिक्वेस्ट म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी त्याला पाठवलेली विनंती.) माज असतो काहींना. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सनेच, २०१८ साली आपल्या शिवराळ ईमेलांबद्दल माफी मागून लिनक्स कर्नलच्या (तिच्या गाभ्याच्या) कामातून काही काळ सुट्टी घेतली होती. पण बहुतेक वेळा घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं. कोड मर्ज झाला, म्हणजे मूळ प्रकल्पात घेतला गेला, की तुम्ही मोकळे. तो पुढे मोडला, तर तक्रार मेंटेनरच्या दारात येते.

मराठी मजकूर साफसूफ करणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, मी नोकरी सांभाळून चालवतो. तिच्यावर एक पुल रिक्वेस्ट आली. नीटनेटकी, सगळ्या टेस्ट हिरव्या. त्यातली एक ओळ प्रत्येक 'ऱ'चा 'र' करत होती, म्हणे सर्चला सोपं जातं. हिंदीत चालून गेलं असतं. मराठीत 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, म्हणजे सह्याद्रीतून थेट समुद्रात! शिवाय युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत, हा ऱ दोन प्रकारे येतो, एकसंध अक्षर म्हणून किंवा र अधिक नुक्ता (खालचं टिंब) असा, आणि दोन्ही एकच मानावे लागतात. लिहिणाऱ्याला त्या ओळीला दोन मिनिटं लागली असतील. ती का नको, हे उदाहरणांसह पटवून द्यायला माझी अख्खी संध्याकाळ गेली. त्यावर त्याचं म्हणणं, टेस्ट पास होताहेत ना, मग अडचण काय? रास्त प्रश्न. मग त्यानेच ती ओळ काढून दऱ्या, तऱ्हा, सुऱ्या हे शब्द टेस्टमध्ये घातले आणि मी रिक्वेस्ट लगेच घेतली.

सगळेच असे चिकाटीचे नसतात. हॅक्टोबरफेस्ट हा डिजिटलओशन कंपनीचा उपक्रम; ऑक्टोबरात ठरावीक पुल रिक्वेस्टी पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. त्या टी-शर्टापायी २०२० साली रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीपत्रकात) एखादा शब्द वाढवलेल्या रिक्वेस्टींचा एवढा रतीब लागला, की डिजिटलओशनला ऐन ऑक्टोबरात नियम बदलून प्रकल्पांचा होकार आधी घेणं बंधनकारक करावं लागलं.

आणि 'किती उशीर लावता' हा तगादा हत्यारासारखाही वापरता येतो. एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारं साधन लासे कॉलिन जवळपास एकट्याने सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी खाती त्याच्यामागे लागली, पॅच (दुरुस्तीचा कोड) का घेत नाहीस, दुसऱ्याला का सोपवत नाहीस म्हणून. हे बिनपगारी, हौसेचं काम आहे, असं त्याने लिहून पाहिलं. अखेर 'जिया टॅन' नावाच्या मदतनिसाला अधिकार मिळाले आणि २०२४ मध्ये त्याच नावाने आलेल्या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. एसएसएचचं (दूरच्या संगणकात शिरायच्या सोयीचं) लॉगिन अर्ध्या सेकंदाने रेंगाळतंय हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं, म्हणून निभावलं.

तरी मेंटेनरांची एक खोड मला अजिबात पटत नाही: 'बघतो' म्हणायचं आणि गप्प बसायचं. नको असेल तर सरळ नको म्हणा, पोरगं दुसरीकडे वळेल. त्याहून वाईट म्हणजे त्याचा पॅच तसाच ठेवून तीच दुरुस्ती आपल्या नावावर करायची. अरे, कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) 'को-ऑथर्ड-बाय'ची, म्हणजे सहलेखकाच्या नावाची, एक ओळ टाकायला पैसे पडतात का? मुलाखतीला बसताना त्या पोराकडे दाखवायला तेवढंच असतं.

तेव्हा मोठा बदल करण्याआधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावर चर्चेची नोंद) उघडून विचारा. उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. तरीही शांतता असेल तर खुशाल फोर्क करा, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प चालवा; परवाना त्यासाठीच आहे. जीसीसी कंपायलरचं (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाचं) काम फार बंदिस्त आणि संथ चाललंय म्हणून १९९७ मध्ये काही जणांनी 'ईजीसीएस' नावाची वेगळी चूल मांडली. १९९९ मध्ये जीसीसीची पालक संस्था असलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यांचंच काम अधिकृत जीसीसी म्हणून स्वीकारलं.