तुम्ही विचारलंत म्हणून : त्या कर्टिनचं तुला एवढं काय?

हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की एकदाचं लिहूनच टाकते. भारतातून कोणी आलं की गेटिसबर्गचं ते यादवी युद्धातलं रणांगण बघायचं असतंच, आम्ही हॅरिसबर्गला, म्हणजे अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या राजधानीत राहतो म्हणून न्यायचं काम माझ्याकडे, आणि मी मुद्दाम गाडी नॉर्थ सिक्स्थ स्ट्रीटवरून घेते कारण तिथे अँड्र्यू कर्टिनचा पुतळा आहे. मग मागच्या सीटवरून येतंच, की तुला तर पुढारी म्हटलं की कपाळावर आठी, स्वतः शहिदाची मुलगी असून सत्कार-बित्कार म्हटलं की तू लांब पळतेस, मग हा गोरा पुढारी कसा काय चालतो तुला?

अमेरिकेचं यादवी युद्ध, लिंकन, गुलामगिरी हे तुम्हाला माहितीय, ते सोडते. कर्टिन 1861 ते 1867 पेन्सिल्व्हेनियाचा गव्हर्नर होता आणि त्याला सोल्जर्स फ्रेंड म्हणायचे, एवढं पुरे.

तो संत होता असं मी कधीच म्हटलेलं नाही हं. युद्धाच्या पहिल्याच वर्षी त्याच्या सरकारने पोरांना दिलेले युनिफॉर्म चिंध्या दाबून केलेल्या कापडाचे निघाले, पेपरवाल्यांनी धुतला त्याला, चौकशी नेमावी लागली. राजकारणी होता, पक्का. पण फ्रेडरिक्सबर्गला डिसेंबर 1862 मध्ये आपली माणसं कापली गेल्यावर हा तिथे जाऊन जखमींना भेटला आणि परत येऊन लिंकनला तोंडावर म्हणाला की ती लढाई नव्हती, कत्तल होती. स्वतःच्याच पार्टीच्या राष्ट्राध्यक्षाला. असं बोलणारा एक तरी आठवतोय का तुम्हाला?

"मतांसाठी हो सगळं" असं काका मंडळी म्हणतात. बरं, ऐका मग. पेन्सिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने 1862 मध्येच निकाल दिला होता की सैनिकाला छावणीतून मत देता येणार नाही, राज्याच्या घटनेत बसत नाही. तो निकाल लिहिणारा जज म्हणजे जॉर्ज वुडवर्ड, आणि 1863 च्या निवडणुकीत कर्टिनच्या विरोधात उभा राहिला तो हाच माणूस! म्हणजे ज्यांच्यासाठी कर्टिन धावत होता त्यांना त्याला मत द्यायचं तर आधी सुट्टी काढून घरी यावं लागणार. हे मी अगदी तोऱ्यात सांगते आणि काका गप्प बसतात. काकांना सुचत नाही ते मला नंतर भांडी घासताना सुचतं, की सैनिकाला बाप असतो, भाऊ असतात, त्यांना मत असतं, आणि पोरगा घरी पत्र लिहितो की गव्हर्नर येऊन भेटून गेला. तेव्हा हा मुद्दा मी जिंकलेय असं धरू नका.

गेटिसबर्गचं मात्र मी सोडणार नाही. लढाई जुलै 1863 च्या पहिल्या तीन दिवसांत, आणि आठवड्याभरात कर्टिन तिथे. प्रेतं हातभर मातीखाली, पावसाने उघडी पडलेली. त्याने गावातल्या डेव्हिड विल्स नावाच्या वकिलाला राज्यातर्फे नेमलं, पुढे 17 एकर जमीन घेतली गेली, आणि तिथेच नोव्हेंबरमध्ये लिंकनचं ते भाषण झालं जे सगळ्यांना पाठ असतं. मला भाषणापेक्षा दुसरं लक्षात राहतं. एक प्रेत उकरून परत पुरायचा ठेका गेला 1 डॉलर 59 सेंटला. प्रत्यक्ष उकरणारे बेसिल बिग्ज आणि त्याची माणसं, म्हणजे गावातले काळे लोक. आणि सॅम्युएल वीव्हर नावाचा एक जण प्रत्येक खड्ड्यापाशी उभा राहून प्रेताचे खिसे तपासायचा, पत्र, बायबल, कंगवा, काहीही, ज्यावरून नाव लागेल. साडेतीन हजारांवर माणसं अशी नीट पुरली. पेन्सिल्व्हेनियातल्या कोणाच्या घरच्यांना आपला माणूस गावी न्यायचा असला तर तो खर्च राज्याने केला.

आमच्याकडे अस्थी आल्या. बाबा श्रीलंकेत गेले, शांतिसेनेत असताना, 1987 मध्ये.

आता ते दुसरं, जे मी कोणाला सांगत नाही आणि ज्याच्याशिवाय तुमचा प्रश्न सुटत नाही. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक फौजी, आपशिंगे मिलिटरी हे फौजींचं गाव जवळच, तेव्हा विधवा बाई ही तिथे नवलाची गोष्ट नाही. बाबा गेल्यावर वर्षाच्या आत तालुक्याला एक मोठा कार्यक्रम झाला. साहेब (नाव घेत नाही, ते गेले आता) दुपारी येणार होते ते दिवेलागणीला आले. तोवर आम्ही पाच-सहा कुटुंबं स्टेजवर खुर्च्यांत, आई डोक्यावरून पदर घेऊन, मी शाळेच्या ड्रेसमध्ये, लघवीला जायचं होतं पण स्टेजवरून उतरायची हिंमत नाही. आईला शाल, श्रीफळ आणि शिवणयंत्र. फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला नाही म्हणून नारळ परत घेऊन परत दिला. मग सूत्रसंचालक म्हणाले की आता शहिदाची कन्या दोन शब्द बोलेल. गुरुजींनी चिठ्ठी लिहून दिलेली होती, मी वाचली, खणखणीत वाचली, वक्तृत्वात पहिली यायचे ना मी. शेवटचं वाक्य होतं की माझे वडील गेले पण साहेबांच्या रूपाने आम्हाला छत्र मिळाले. टाळ्या थांबेनात. साहेबांनी मला जवळ घेतलं, त्यांच्या जॅकेटला अत्तराचा वास होता. आई रडत होती आणि सगळ्यांना वाटलं कृतज्ञतेने.

पेन्शनचे कागद तेव्हा एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरतच होते, आणि त्या कार्यक्रमानंतरही फिरतच राहिले, फक्त आता आई चौकशीला गेली की कारकून म्हणायचा, तुम्हाला तर मशीन मिळालं ना. त्या मशीनवर चाकाच्या बाजूला लाल ऑइलपेंटने "सप्रेम भेट" आणि खाली साहेबांचं नाव. ब्लाउज शिवायला आलेली प्रत्येक बाई ते वाचायची. मी एकदा ब्लेडने खरवडायला गेले तर आईने हातावर फटका मारला, म्हणाली मशीनला गंज धरेल.

कॉलेजात असताना मी भाषणं ठोकायचे, दान नको हक्क हवा, उपकार नको कायदा हवा. कर्टिन मला आवडला तो यावरूनच. 1863 च्या थँक्सगिव्हिंगला त्याच्या दारात दोन पोरं भाकरी मागायला आली, बाप लढाईत मेला म्हणाली, अशी गोष्ट सांगतात. कोणीही पुढारी त्यांना जेवायला घालून फोटो काढून घेईल. याने विधिमंडळाकडून कायदा करून घेतला. रेल्वे कंपनीने आधी देऊ केलेले 50,000 डॉलर त्यात घातले, आणि 1864 पासून सैनिकांच्या अनाथ मुलांना राज्याच्या खर्चाने शाळा, कपडे, जेवण, सोळा वर्षांचे होईपर्यंत. कोणाला थँक्यू म्हणायला नको. असं मला वाटायचं.

मग 1866 चं वाचलं. विधिमंडळ पुढचे पैसे द्यायला कां-कूं करत होतं, तर मार्चमध्ये या शाळांतली शेकडो मुलं हॅरिसबर्गला आणली, एकसारख्या कपड्यांत सभागृहात उभी केली, त्यांनी गाणी म्हटली, पाठ केलेली भाषणं म्हटली, आमदारांनी डोळे पुसले आणि बिल पास. हे वाचून मी दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाही. ती मुलं कोणाची चिठ्ठी वाचत होती ते मला सांगायला नको.

नवरा म्हणतो पैसे तर मिळाले. मी म्हणते वीस वर्षांनी बघ काय झालं, कर्टिन गव्हर्नर नव्हता तेव्हा, शाळा चालवणाऱ्या टोळक्याने मुलांच्या पोटाला चिमटा काढून नफा कमावला, 1886 मध्ये पेपरमध्ये आलं, गव्हर्नर पॅटिसनने स्वतः चौकशी केली. कायदा होता ना? होता की. कायद्यानेच त्यांना पैसे मिळत होते. पुढे राज्याने शाळा हातात घेतल्या, त्यातली शेवटची उरलेली 2009 पर्यंत चालली आणि मग बजेटमध्ये पैसे नाहीत म्हणून बंद.

मागे एकदा व्हिडिओ कॉलवर आईला हे सगळं सांगितलं, 1866 च्या मुलांचंही. तिने शांतपणे विचारलं, मग त्यांना जेवण मिळालं का? म्हटलं हो. मग झालं तर, म्हणाली, तुझी इंजिनिअरिंगची फी कशातून भरली? मी चिडले. म्हटलं आई, पण कर्टिन वेगळा होता, त्याने निदान मशीनवर नाव नाही घातलं स्वतःचं. आणि बोलता बोलता आठवलं की ज्या छावणीतून तीन लाख सैनिक गेले तिचं नाव कॅम्प कर्टिन, आधी कॅम्प युनियन होतं ते बदलून. नाव त्याने नाही, दुसऱ्यांनी दिलं, असंही मी आईला सांगितलं. ती म्हणाली, आपल्या साहेबांचंही कार्यकर्त्यांनीच रंगवलं होतं.