न वाकणारा हात

आयकिदो या जपानी युद्धकलेच्या वर्गात सरांनी हात पुढे करायला लावला. "बोटांतून पाणी वाहतंय असं समज." जोडीदाराने कोपर वाकवायला सगळा जोर लावला, हात ढिम्म. महिनाभर मी 'की', म्हणजे अंगातली प्राणशक्ती, जागी झाली म्हणून हवेत होतो! मग एकदा दुसऱ्या हाताने दंड चाचपला. मूठ आवळली की पुढचा स्नायू ताणतो, म्हणजे कोपर वाकवायला मीच मदत करतो. पाणी मनात आणलं की तो सैल सुटतो, मागचा, म्हणजे ट्रायसेप्स, एकटा काम करतो. आयकिदोचे गुरू कोइची तोहेई याच 'की'च्या आग्रहापायी १९७४ साली आयकिकाई या आयकिदोच्या मुख्य संस्थेतून बाहेर पडले. माझ्या मते शब्द चुकीचा असेल, सूचना मात्र अचूक. नुसतं "ट्रायसेप्स वापर" म्हटलं, की माझा हात अजूनही वाकतो.