कमाटीबागेत शार्क शोधताना

बडोद्याला आत्याकडे, दांडिया बाजारात उतरायचं, सकाळी सेव-उसळ हाणायची आणि दुपारी ताणून द्यायची, हे माझं बडोदं. राजवाडा, सुरसागर वगैरे एका रिक्षाफेरीत उरकलं.

अडकले ती कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये. तिथे निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला. रविवारची गर्दी, ढकलाढकली, आणि जो तो बाप पोराला छातीठोकपणे सांगतोय, "हा बघ शार्क!" माझ्या प्राणिशास्त्रवाल्या आतेभावाला शेवटी राहवेना. "शार्कला हाडंच नसतात हो, सगळी कूर्चा. असा सांगाडा कुठून उरणार?"

मग तिथेच, लोकांचे कोपरे खात, मला व्याख्यान. देवमाशाला श्वासासाठी वर यावंच लागतं, शार्कला कल्ले असल्यामुळे त्याची गरज नाही. मग तो कुठे कुठे फिरतो ते कळायचं कसं? पाण्याखालून उपग्रहाला संदेश पोचत नाही. म्हणून एक टॅग, म्हणजे माशाच्या अंगाला लावायचं यंत्र, असा करतात की तो खोली, तापमान आणि उजेड साठवत राहतो, ठरलेल्या दिवशी आपोआप सुटतो, तरंगत वर येतो आणि मग सगळं कळवतो. दिवस कधी उजाडला, कधी मावळला यावरून मासा साधारण कुठे होता ते काढायचं. पंचांगच की! मेक्सिकोच्या आखातात टॅग लावलेल्या एका व्हेल शार्कने (नावात व्हेल, पण शार्कच) १,९२८ मीटर बुडी मारल्याची नोंद आहे. निकोल नावाची ग्रेट व्हाइट शार्क तर दक्षिण आफ्रिकेहून ऑस्ट्रेलियाला जाऊन नऊ महिन्यांत परतली. टॅग तिकडेच सुटला होता. ती परत आल्याचं पंखाच्या फोटोवरून ओळखलं.

पाय दुखत होते, तहान लागली होती, तरी मी हलले नाही. इतक्या वर्षांत या भावाने मला लीलो चिवडा सोडून काही दिलं नव्हतं.

रात्री जेवताना विषय सौराष्ट्रातल्या वेरावळ बंदरावर आला. तिथे व्हेल शार्क मारायचे, यकृताचं तेल होड्यांना चोपडायला. २००१ मध्ये त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं. पुढे रामकथाकार मोरारीबापूंनी मच्छीमारांना सांगितलं, ही माहेरी आलेली लेक आहे, तिला मारू नका. आता जाळ्यात सापडला तर जाळं कापून सोडतात.

आत्या वाढता वाढता थांबली. "आणि जाळ्याचे पैसे?"

"वनखातं देतं. सोडल्याचे फोटो मात्र मच्छीमारांनीच काढायचे."

"मग ठीक आहे," म्हणत तिने माझ्या नको-नकोकडे काणाडोळा करून आणखी श्रीखंड वाढलं.