एकशे ऐंशी पूर्णांक एक

आम्हा भूमितीवाल्यांची एक खोड असते. फळ्यावर त्रिकोण काढायचा तर देखणाच काढायचा: पाया आडवा, शिरोबिंदू बरोबर वर. लाकडी कंपास सरसावून काढलेली ती आकृती तास संपेपर्यंत जागची हलत नाही. मुलांना मग वाटतं, त्रिकोण म्हणजे हाच. परीक्षेत तो जरा कलंडलेला आला की ओळखसुद्धा देत नाहीत.

वर्गात स्मार्ट बोर्ड आला, भाचीनं जिओजेब्रा शिकवलं. मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबर्ग विद्यापीठात असताना तयार केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आमच्या मास्तरांच्या जातीला आणखी काय हवं! शिरोबिंदू बोटानं धरून ओढला की त्रिकोण लांबतो, चपटा होतो, उलटा पडतो, आणि कोनांची मापं भराभर बदलत राहतात.

शिक्षकखोलीत यंत्राला नाकं मुरडली जातातच. पण वडोदऱ्यात राहून ते शोभत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणवला. पुढे पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरल्याच, पण ज्यांना वाचता येत नाही त्यांना पडद्यावर चित्रं दाखवायचीही सोय झाली. ते शंभर वर्षांपूर्वी!

माझी धास्ती वेगळी होती. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हे एवढं डोळ्यांपुढं दिसल्यावर त्याची सिद्धता कोण मागणार? ‘दिसतंय की’ म्हटलं की भूमिती संपली.

तसं झालं नाही, आणि त्याचं श्रेय यंत्रालाच. कोनांची मापं एका दशांशस्थळापर्यंत पडद्यावर, बेरीज वहीत, असं मी ठरवून दिलं होतं. ओढता ओढता एक मुलगा थांबला. ६०.१, ६०.१ आणि ५९.९. “बेन, आ तो एकसो एंसी पॉइंट एक थाय छे!” वर्गात गलका. खरे कोन ६०.०७, ६०.०७ आणि ५९.८६, एका स्थळापर्यंत आणताना थोडं इकडचं तिकडं झालेलं. पण मग मोजून खात्री कशी पटायची? त्या दिवशी शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा, हे मला सांगावं लागलं नाही. मुलांनीच खडू मागितला. व्युत्क्रम कोन जुळले, सरळ कोन झाला, कसलंही मोजमाप न करता.

दशांशस्थळं वाढवायची सेटिंग आता मला सापडली आहे. मी ती एकावरच ठेवते.